चिमणी उभारण्यापूर्वी : महाराष्ट्रात हवा कायद्याखालील संमतीपत्रासाठी अर्ज कसा करावा

भंडारा-गोंदिया पट्ट्यात उसन्या (उकड्या) तांदळाची गिरणी टाकायची म्हटली की बॉयलर आला, बॉयलर आला की चिमणी आली आणि चिमणी आली की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आली. पहिली वीट ठेवण्यापूर्वी ही संमती घ्यायची असते, हे अनेक नव्या उद्योजकांना यंत्रसामग्री जागेवर आल्यानंतर कळते. या लेखात संमती कोणाला लागते, अर्जासोबत काय जोडावे लागते, मंडळ अर्ज कसा तपासते आणि चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुराचे मोजमाप व त्याचे गणित या प्रक्रियेत कोठे येते, याची माहिती दिली आहे. उदाहरण अशाच एका गिरणीचे घेतले आहे, कारण छोट्या व मध्यम उद्योगांच्या बहुतेक अडचणी त्यात दिसतात.

संमती कोणाला लागते

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २१ नुसार, हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात कोणताही औद्योगिक प्रकल्प राज्य मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय उभारता किंवा चालविता येत नाही. महाराष्ट्रात संपूर्ण राज्यच असे क्षेत्र म्हणून घोषित असल्यामुळे ‘आमचा कारखाना गावाबाहेर आहे’ किंवा ‘आम्ही एमआयडीसीत नाही’ या कारणाने सूट मिळत नाही. सांडपाण्यासाठी जल कायदा, १९७४ आणि घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम लागू असले तरी मंडळ या तिन्हींसाठी एकच एकत्रित अर्ज घेते आणि एकच एकत्रित पत्र देते. उद्योजक त्यालाच बोलीभाषेत ‘कन्सेंट’ म्हणतात.

अर्जाची वाट उद्योगाच्या प्रवर्गावर ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ हवेतील उत्सर्जन, सांडपाणी आणि घातक कचरा यांचा विचार करून उद्योगाला १०० पैकी प्रदूषण निर्देशांक देते आणि त्यावरून लाल, नारिंगी, हिरवा व पांढरा असे प्रवर्ग पाडते. २०२५ च्या सुधारित वर्गीकरणात अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी निळा प्रवर्गही आला. संमतीची मुदत लाल प्रवर्गाला सर्वांत कमी आणि हिरव्याला सर्वांत जास्त मिळते. पांढऱ्या प्रवर्गातील उद्योगांना केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने संमतीतून सूट दिली आहे, मात्र आपला उद्योग त्या प्रवर्गात येतो हे मंडळाला लेखी कळवून ठेवावे. वर्गीकरण बदलत असल्याने जुन्या सल्लागाराच्या किंवा शेजारच्या कारखान्याच्या सांगण्यावर न जाता अर्जाच्या दिवशी लागू असलेली यादी पाहावी आणि आपल्या उत्पादनाचे नाव तीत ज्या शब्दांत दिले आहे तेच शब्द अर्जात वापरावेत.

जागेची पात्रता ही वेगळी बाब आहे आणि ती जमीन घेण्यापूर्वीच तपासली पाहिजे. डहाणू तालुका १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले असून तेथे कोणता उद्योग चालेल यावर कडक बंधने आहेत. उलट बाजूला चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांचा समावेश केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात अतिप्रदूषित समूहांमध्ये झाला होता. त्या वेळी देशभरातील ८८ औद्योगिक समूह तपासले गेले आणि ४३ अतिप्रदूषित ठरले. अशा ठिकाणी नव्या धुराला जागा कमी असते, म्हणून अटी अधिक कडक येतात आणि हे मला पूर्णतः न्याय्य वाटते.

दोन टप्पे, दोन संमती

पहिली संमती उद्योग उभारण्यासाठीची, म्हणजे ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’. ती साधारणपणे उद्योग सुरू होईपर्यंत किंवा ५ वर्षांपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत वैध असते. दुसरी संमती उद्योग चालविण्यासाठीची, म्हणजे ‘कन्सेंट टू ऑपरेट’. ती बांधकाम व यंत्रणा पूर्ण झाल्यावर, पण उत्पादन सुरू करण्यापूर्वी घ्यायची असते. पहिली संमती हाती आहे म्हणून चाचणीच्या नावाखाली महिनोन्‌महिने उत्पादन काढणे हे उल्लंघनच ठरते.

पर्यावरणावरील आघात मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत मोडणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना, उदाहरणार्थ सिमेंट, औष्णिक वीज किंवा मोठ्या रासायनिक प्रकल्पांना, याशिवाय केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ती मिळालेल्या प्रकल्पांना उभारणीच्या वेगळ्या संमतीतून २०२४ मध्ये सवलत दिली गेली आहे, परंतु चालविण्याची संमती त्यांनाही घ्यावीच लागते. भाताच्या गिरणीचा या मंजुरीशी संबंध येत नाही.

कागदपत्रे

अर्ज मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरला जातो आणि राज्याच्या ‘मैत्री’ या एक खिडकी व्यवस्थेतूनही तेथे पोहोचता येते. उभारणीच्या संमतीसाठी जागेचा सातबारा उतारा किंवा एमआयडीसीचे वाटपपत्र, भाडेपट्टा असल्यास तो, भागीदारीपत्र अथवा कंपनीची घटना, उद्यम नोंदणी, कारखान्याचा आराखडा, आजूबाजूची वस्ती, शाळा, नदी-नाले व रस्ते दाखविणारा नकाशा, उत्पादन प्रक्रियेचे वर्णन व प्रवाहपट, कच्चा माल आणि उत्पादनांची मासिक परिमाणे, पाण्याचा ताळेबंद, इंधनाचा प्रकार व रोजचा वापर, चिमण्यांचा तपशील आणि प्रस्तावित प्रदूषण नियंत्रण यंत्रणेचे रेखाचित्र ही कागदपत्रे जोडावी लागतात. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र आवश्यक असते. या प्रमाणपत्रात जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांची घसारा वजा न केलेली किंमत दाखवायची असते. घसारा वजा करून आकडा दिल्यास शुल्क कमी भरले जाते आणि अर्ज त्रुटीत अडकतो.

चालविण्याच्या संमतीसाठी याला उभारणीच्या संमतीची प्रत, तिच्यातील प्रत्येक अटीचे पालन कसे केले याचे अटनिहाय निवेदन, प्रत्यक्ष बसविलेल्या यंत्रणेची छायाचित्रे आणि सुधारित गुंतवणुकीचे प्रमाणपत्र यांची भर पडते. नूतनीकरणाच्या वेळी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे चिमणी व परिसराच्या हवेचे अहवाल आणि वार्षिक पर्यावरण विवरणपत्रही पाहिले जाते. हे विवरणपत्र ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत सादर करायचे असते आणि नमुना ५ या नावाने ते ओळखले जाते.

अर्ज अडकतो तो बहुधा कागद कमी असल्यामुळे नव्हे, तर कागदांतील आकडे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. पाण्याच्या ताळेबंदात बॉयलर २ टनांचा आणि इंधनाच्या तक्त्यात ५ टनांचा, आराखड्यात एक चिमणी आणि उत्सर्जनाच्या तक्त्यात दोन, असे दिसले की तपासणारा अधिकारी पुढचे वाचत नाही आणि तो चुकतो असे म्हणता येणार नाही. म्हणून अर्ज पाठविण्यापूर्वी हे सर्व तक्ते शेजारी-शेजारी ठेवून एकदा वाचावेत.

चिमणीचे गणित

या अर्जातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चिमणीचा तक्ता. चिमणीची उंची मनाने ठरत नाही. इंधनात गंधक असेल तर तासाला बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोग्रॅममधील आकड्याचा ०.३ वा घात काढून त्याला १४ ने गुणतात. धूलिकणांसाठी तासाला बाहेर पडणाऱ्या टनांतील आकड्याचा ०.२७ वा घात काढून त्याला ७४ ने गुणतात. दोन्हींपैकी जी उंची मीटरमध्ये जास्त येईल ती धरायची. डिझेल जनित्रासाठी नियम वेगळा आहे : केव्हीएमधील क्षमतेच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून येणारी उंची जनित्र ज्या इमारतीत आहे तिच्या उंचीत मिळवायची. २२५ केव्हीएच्या जनित्राला त्यामुळे छपराच्या वर ३ मीटर नळकांडे लागते.

आता आपली गिरणी घेऊ. तासाला सुमारे १ टन कोंडा जाळणाऱ्या बॉयलरमधून तासाला ८,००० प्रमाणित घनमीटर वायू बाहेर पडतो आणि त्यात दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम धूलिकण आहेत असे धरले, तर उत्सर्जन तासाला १.२ किलोग्रॅम, म्हणजे सेकंदाला ०.३३ ग्रॅम होते. कोंड्यात गंधक नगण्य असल्याने धूलिकणांचे सूत्र लागू होते आणि उंची सुमारे १२ मीटर येते. पुढे कोंडा महाग झाला म्हणून त्याच बॉयलरमध्ये तासाला ८०० किलोग्रॅम कोळसा जाळायला सुरुवात केली आणि त्या कोळशात ०.५ टक्के गंधक असला, तर तासाला ४ किलोग्रॅम गंधक जळून ८ किलोग्रॅम सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि आवश्यक उंची २६ मीटरवर जाते. बॉयलर तोच, इमारत तीच, पण चिमणी दुपटीहून उंच हवी. इंधन बदलताना संमतीत सुधारणा करून घ्यावी लागते, यामागचे कारण हे आहे. हा नियम केवळ कागदी मानून कोळसा टाकणारे आपला धूर शेजाऱ्यांच्या अंगणात उतरवत असतात.

चिमणी नुसती उंच असून भागत नाही, ती मोजता आली पाहिजे. नमुना घेण्याचे छिद्र शेवटच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या किमान ८ पट वर आणि तोंडापासून किमान २ पट खाली असावे लागते, कारण त्याहून जवळ वायूचा प्रवाह भोवऱ्यांचा व अस्थिर असतो आणि धूलिकणांचे माप चुकते. तेथवर पोहोचणारी शिडी आणि उभे राहण्यासाठी कठड्याचा मजबूत मंच आराखड्यातच दाखवावा. नमुना घेणारा माणूस तेथे तासन्‌तास उभा राहतो आणि त्याच्या जिवाची काळजी ही अर्जदाराची जबाबदारी आहे.

प्रतिमान कधी मागतात

सर्व अर्जांना हवेच्या प्रसाराचे प्रतिमान लागत नाही. पर्यावरण मंजुरीच्या प्रकल्पांना ते लागतेच. त्यात एरमॉडसारखी संगणकीय प्रणाली वापरून चिमणीची उंची व व्यास, वायूचे तापमान व वेग, सेकंदाला बाहेर पडणारे प्रदूषक, दर तासाची हवामान नोंद आणि भूभागाचे चढउतार यांवरून जमिनीलगत कोठे किती भर पडेल हे काढतात. ही भर मोजलेल्या मूळ पातळीत मिळवून १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांशी ताडून पाहतात. ही मानके १२ प्रदूषकांसाठी आहेत. पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) साठी वर्षाची सरासरी ६० व २४ तासांची १०० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर, तर पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे) साठी अनुक्रमे ४० व ६० ही मर्यादा आहे. मूळ पातळी पावसाळा वगळून किमान एका ऋतूत मोजतात, कारण पावसाने धुतलेली हवा खरे चित्र दाखवत नाही. हिवाळ्यातील पहाटे, जेव्हा थंड हवेचा थर जमिनीवर बसतो आणि धूर वर जात नाही, तेव्हाचे निकाल अहवालात आवर्जून वाचावेत.

अर्ज केल्यानंतर

शुल्क भरून अर्ज सादर झाल्यावर तो उपप्रादेशिक कार्यालयाकडे जातो, क्षेत्र अधिकारी जागेची पाहणी करून अहवाल देतो आणि प्रवर्ग व गुंतवणूक यांनुसार निर्णय उपप्रादेशिक अधिकारी, प्रादेशिक अधिकारी किंवा मुंबईतील मुख्यालयाच्या पातळीवर होतो. कायद्याने मंडळाला अर्ज मिळाल्यापासून ४ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पोर्टलवर आलेल्या त्रुटींना उत्तर न दिल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो, म्हणून नोंदणीचा ईमेल सल्लागाराचा न देता स्वतःचा द्यावा. नूतनीकरण नाकारण्यापूर्वी किंवा दिलेली संमती रद्द करण्यापूर्वी मंडळाने अर्जदाराला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते.

संमतीपत्र हाती आले की त्यातील अटी शांतपणे वाचाव्यात. उत्सर्जनाची मर्यादा, मोजणीची वारंवारता, बँक हमी आणि १७ अतिप्रदूषणकारी उद्योग प्रकारांत असल्यास मंडळाच्या सर्व्हरला जोडलेली सततची ऑनलाइन मापन यंत्रणा या गोष्टी त्यातच लिहिलेल्या असतात. धूलिकणांसाठी १५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा असली तरी पत्रात तिच्याहून कडक मर्यादा असू शकते आणि तेव्हा पत्रातील मर्यादाच बंधनकारक असते. अटींचा भंग झाल्यास कलम ३१-अ नुसार उद्योग बंद करण्याचे किंवा वीज व पाणी तोडण्याचे आदेश निघू शकतात. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यात १० हजार ते १५ लाख रुपयांच्या दंडाची तरतूद झाली असून ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

संमती नाकारली गेली किंवा एखादी अट जाचक वाटली, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ३१ खाली अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि त्यापुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. गिरणी विकली, तर संमती नव्या मालकाला दिल्याप्रमाणेच समजली जाते आणि तिच्या सर्व अटी त्याच्यावर बंधनकारक राहतात. त्यामुळे चालू गिरणी विकत घेणाऱ्याने व्यवहारापूर्वी मूळ संमतीपत्र, तिची मुदत, बँक हमीची स्थिती आणि मागील वर्षांचे चिमणीचे अहवाल मागून घ्यावेत व पत्रात लिहिलेले इंधनच बॉयलरमध्ये जळत आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे.