न्यू जर्सीत मेडिकल कॅनबिस कार्ड काढायचंय? आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला विचारा

पहिली गोष्ट क्लिअर करून घ्या, कार्ड डॉक्टर देत नाही, कार्ड राज्य देतं. डॉक्टर फक्त सिस्टममध्ये नोंद करतो की या पेशंटला अमुक आजार आहे, त्याची ट्रीटमेंट माझ्याकडे चालू आहे आणि कॅनबिसचा (म्हणजे गांजाचा) त्याला उपयोग होऊ शकेल असं मला वाटतं. फॉर्म, फोटो, आयडी, फी हे सगळं तुम्ही स्वतः मेडिसिनल कॅनबिस प्रोग्रॅमच्या पोर्टलवर करायचं, आणि हा प्रोग्रॅम राज्याचं कॅनबिस रेग्युलेटरी कमिशन चालवतं. बरेच जण क्लिनिकमध्ये फोन करून "कार्ड मिळेल का" विचारतात, फ्रंट डेस्कवरून "आम्ही कार्ड देत नाही" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. खरं म्हणजे उत्तर बरोबरच असतं, त्यामुळे विचारायचं ते असं, की डॉक्टर मेडिकल कॅनबिससाठी पेशंट सर्टिफाय करतात का?

न्यू जर्सीचा पहिला कायदा जानेवारी २०१० चा, गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी जाता जाता सही केलेला, आणि तो खूप कडक होता. २०१९ मध्ये जेक होनिग या ब्रेन कॅन्सरने गेलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या नावाने नवीन कायदा आला आणि बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या. त्यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे आता फक्त एमडीच नाही तर नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटसुद्धा सर्टिफाय करू शकतात. म्हणजे तुमच्या प्रायमरी केअर क्लिनिकमध्ये दर वेळी जी नर्स प्रॅक्टिशनर तुम्हाला बघते तीही चालते. आणि प्रॅक्टिशनरचं नाव वेबसाइटवरच्या यादीत असलंच पाहिजे असं नाही, त्यामुळे यादीत आपला डॉक्टर दिसला नाही म्हणून गप्प बसू नका, सरळ विचारा.

आता कोणाला मिळतं. न्यू जर्सीचा रहिवासी असणं ही पहिली अट, आणि दुसरी म्हणजे यादीतला आजार. क्रॉनिक पेन, अँग्झायटी, मायग्रेन, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), कॅन्सर, ग्लॉकोमा, फिट्स येणं, मल्टिपल स्क्लेरोसिस, क्रोन्ससारखे आतड्याचे आजार, पाळीच्या वेळचा असह्य त्रास, ओपिऑइडचं व्यसन, असे बरेच आहेत, पूर्ण यादी पोर्टलवर आहे. आपल्या लोकांत सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते कंबर-गुडघ्याच्या जुन्या दुखण्याचे आणि किमोनंतर हातापायाला मुंग्या येतात त्याचे, आणि दोन्हींना साधारणपणे वाट आहे. १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकाला केअरगिव्हर म्हणून नोंदवावं लागतं आणि डॉक्टरांच्या बाजूनेही अटी जास्त आहेत, ते पीडियाट्रिशियनशीच बोला.

व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हे कार्ड मिळत नाही, कारण ते इथले रहिवासी नाहीत. बाबांची पाठ कितीही दुखत असली तरी. आणि तुमच्या कार्डावर आणलेलं त्यांना देणंही बेकायदेशीर आहे, हे अगदी मनापासून सांगतेय, कारण घरोघरी "थोडंसं देऊन बघू" असं चालतं.

बाहेर दुकानं थाटून बसलेली कार्ड क्लिनिक्स असतात, दहा मिनिटांत व्हिडिओ कॉलवर काम, इन्शुरन्स चालत नाही, रोख पैसे. ती बेकायदेशीर नाहीत. पण कायद्यात अपेक्षा अशी आहे की सर्टिफाय करणाऱ्याकडे तुमच्या त्या आजाराची चालू जबाबदारी असावी, आणि मला हे फार शहाणपणाचं वाटतं. साठीपुढच्या आपल्या माणसांच्या गोळ्यांचा डबा बघा एकदा, बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची, आणि कोणाची रक्त पातळ करण्याची वॉरफरिन. कॅनबिसमधल्या सीबीडी या घटकामुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वर जाऊ शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. झोपेच्या गोळीवर टीएचसी (कॅनबिसमधला नशा आणणारा घटक) घेतलं की रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, आणि त्या वयात हिप फ्रॅक्चर म्हणजे काय ते सांगायला नको. ज्याच्या कॉम्प्युटरवर तुमची औषधांची पूर्ण लिस्ट उघडी आहे तोच माणूस हे पकडू शकतो, अनोळखी स्क्रीनवरचा नाही.

मात्र पीसीपी, म्हणजे तुमचा नेहमीचा प्रायमरी केअर डॉक्टर, नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. काही हॉस्पिटल ग्रुप्स आपल्या डॉक्टरांना परवानगीच देत नाहीत, फेडरल पैशावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स बऱ्याचदा हात आखडता घेतात, आणि व्हेटरन्सच्या व्हीए हॉस्पिटलमधले डॉक्टर हे फॉर्म भरू शकतच नाहीत. अशा वेळी पीसीपीला रेफरल मागा, पेन क्लिनिक किंवा ऑन्कॉलॉजिस्ट करतात का बघा, आणि जो कोणी करेल त्याची नोंद परत पीसीपीकडे जाईल एवढं पक्कं करा.

व्हिजिटला जाताना निदान दाखवणारे कागद घेऊन जा, एमआरआयचा रिपोर्ट, स्पेशालिस्टची नोट, आधी काय काय औषधं घेऊन झाली आणि कशाने काय त्रास झाला. पुण्या-मुंबईत झालेल्या तपासण्यांचे कागदही उपयोगी पडतात, फक्त इथल्या डॉक्टरला वाचता येतील असे हवेत. डॉक्टर तयार झाला की तो सिस्टममध्ये तुमची नोंद करतो आणि तुम्हाला एक रेफरन्स नंबर मिळतो. तो नंबर घेतल्याशिवाय क्लिनिकमधून बाहेर पडू नका, त्याच्याशिवाय पोर्टलवर पुढे काहीच होत नाही.

पोर्टलवर लागतं ते इतकंच, सरकारी फोटो आयडी, न्यू जर्सीचा पत्ता आणि अलीकडचा पासपोर्टसारखा फोटो. न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा नॉन-ड्रायव्हर आयडी असेल तर ओळख आणि पत्ता दोन्ही एकातच भागतं, नाहीतर पत्त्यासाठी लाइटबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट वगैरे. गडबड होते ती नावात. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, लायसन्सवर ते कधी अर्धवट तुटलेलं तर कधी गायबच, आणि क्लिनिकच्या रेकॉर्डला माहेरचं आडनाव अजून तसंच. क्लिनिकने जसं टाकलंय आणि आयडीवर जसं छापलंय ते अक्षरशः सारखं हवं, जन्मतारखेसकट, कारण आपल्याकडे दिवस आधी लिहितात आणि इथे महिना आधी. व्हिजिटलाच लायसन्स पुढे करून "असंच टाइप करा" म्हणायचं, अर्ज परत येण्याचा ताप वाचतो.

फी आता नगण्य आहे, २०२४ पासून डिजिटल कार्ड फुकट आणि हातात धरायचं प्लास्टिकचं कार्ड हवं असेल तर १० डॉलर. खरा खर्च डॉक्टरच्या व्हिजिटचा आणि मालाचा, आणि मालाला मेडिकेअर किंवा साधा हेल्थ इन्शुरन्स पैसे देत नाही.

मग २१ पूर्ण झालेल्याला एप्रिल २०२२ पासून दुकानात असंच मिळतं तर कार्ड कशाला, असं कोणीही विचारेल. कार्डवाल्याला जुलै २०२२ पासून सेल्स टॅक्स नाही, बाकीच्यांना ६.६२५ टक्के लागतो. कार्डवर ३० दिवसांत ३ औंसपर्यंत, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम घेता येतं. १८ ते २० वयाच्या पेशंटला कार्डाशिवाय रस्ताच नाही. जे स्वतः दुकानात जाऊ शकत नाहीत त्यांना दोनपर्यंत केअरगिव्हर नेमता येतात, त्यांची नोंदणी वेगळी होते. घरी रोप लावायला मात्र कार्ड असूनही बंदी आहे.

यापुढचं नीट थांबून वाचा, विशेषतः ज्यांच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट नाही त्यांनी. राज्य काहीही म्हणो, फेडरल कायद्यात कॅनबिस नियंत्रित पदार्थ आहे आणि इमिग्रेशन पूर्णपणे फेडरल खातं आहे. यूएससीआयएसने, म्हणजे व्हिसा-सिटिझनशिपचे अर्ज बघणाऱ्या फेडरल खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्टच लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असलं तरी कॅनबिसशी संबंधित गोष्ट सिटिझनशिपच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या अटीला आड येऊ शकते. अटक नको, कोर्ट नको, एअरपोर्टवर किंवा इंटरव्ह्यूत स्वतःच्या तोंडाने सांगितलेलंसुद्धा अंगाशी येऊ शकतं, आणि खोटं बोलणं तर त्याहून वाईट. एच-वन-बीवाले, एच-फोरवाले, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभे असलेले, आणि ग्रीन कार्ड हातात असलेलेसुद्धा, रेफरन्स नंबर घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, नंतर नाही. डॉक्टरला हा भाग माहीत असेलच असं धरून चालू नका, तो त्याचा विषय नाही. इतकी वर्षं सांभाळलेला स्टेटस गुडघेदुखीसाठी घेतलेल्या कॅनबिसच्या गमीवर (चघळायच्या गोळीवर) पणाला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दुखण्यावर दुसरे उपाय असतील तर पीसीपीला हेच कारण मोकळेपणाने सांगा.

नोकरीचंही बघा. ट्रकचं सीडीएल, म्हणजे कमर्शियल लायसन्स, असेल तर फेडरल ड्रग टेस्टमध्ये मेडिकल कार्ड अजिबात ग्राह्य धरत नाहीत, आणि फेडरल कामावरचे कॉन्ट्रॅक्टर्सही जपून. गाडी चालवताना अंमल असेल तर कार्ड दाखवून सुटका नाही.

आणि बॅगेत टाकून भारतात नेणं तर नाहीच नाही. इथलं कार्ड मुंबई एअरपोर्टवर नुसतं प्लास्टिक आहे, तिथे १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. विमानच कशाला, गाडीने पेनसिल्व्हेनियात मित्राकडे नेलंत तरी राज्याची हद्द ओलांडली की फेडरल कायदा मोडला.

कार्ड मिळाल्यावर डॉक्टरची परवानगी जास्तीत जास्त वर्षभर पुरते, त्यामुळे कार्डावरची तारीख पुढची दिसत असली तरी डॉक्टरकडे परत जावं लागतं. वार्षिक फिजिकलच्या अपॉइंटमेंटलाच हे जोडून घ्या, आणि त्या दिवशी काय घेताय, किती घेताय, फरक किती पडला हे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे डॉक्टरला डोस कमी-जास्त करायला किंवा बंद करा म्हणायला काहीतरी आधार राहील.