नोटीस हातात आली की आधी तारीख लिहा (जागा, बँकेचा लिलाव, भूसंपादन आणि चोरीला गेलेली गाडी)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता काही होईल का हो?" आणि आमचाही उलटा प्रश्न ठरलेला, "हे पत्र तुमच्या हातात कधी पडलं?" यावर नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे, कारण पाकीट कधीच कचऱ्यात गेलेलं असतं, पोस्टमनच्या कागदावर सही वॉचमनने केली की आजींनी ते कुणालाच आठवत नाही, आणि पत्र मात्र टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये "दिवाळीनंतर बघू" म्हणून पडून असतं. कायद्यातले दिवस तुमची दिवाळी बघत नाहीत. म्हणून कुठलीही नोटीस आली की त्याच क्षणी तिच्या कोपऱ्यात पेनाने तारीख टाका, पाकीट जपून ठेवा, पाकिटासकट फोटो काढा. मग चहा.

आमचं काम काय तेही आधी सांगतो. आम्ही पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आसपासचं छोटं ऑफिस आहोत. टायटल सर्च (जागेची मालकी कुणाकुणाकडून आली ते तपासणं), जुने उतारे आणि फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदी) काढणं, नोटिशीच्या उत्तराचा कच्चा मसुदा, गाडीच्या इन्शुरन्स क्लेमची फाइल लावणं, एवढंच करतो. कोर्टात उभं राहायचं काम तुमच्या वकिलांचं, पण वकिलांकडे जाताना पिशवीत कागद नीट लावलेले असले तर अर्धं डोकं शांत राहतं.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जागा आपली का?

नाही. हे ऐकून लोक रागावतात पण नाही म्हणजे नाही. सातबारा, फेरफार, शहरात प्रॉपर्टी कार्ड, ही सगळी महसुलाची नोंद आहे, सरकारने सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेली, आणि सुप्रीम कोर्टाने हे इतक्या वेळा सांगितलंय की आता वाद घालण्यात अर्थ नाही. मालकी येते ती रजिस्टर खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्क यातून. उलट बाजूनेही तेच, म्हणजे चुलत्याने गुपचूप तुमचं नाव कमी करून घेतलं म्हणून तुमचा हिस्सा लगेच हवेत जात नाही, पण गप्प बसलात तर पुढे तो हिस्सा सिद्ध करायला वर्षं जातात.

फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला साधारण १५ दिवस मिळतात. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी परस्पर नोंद प्रमाणित करू शकत नाहीत, ऐकून घ्यावं लागतं. गावी कुणी राहत नसेल तर महिन्यातून एकदा महाभूलेखवर (सरकारची जमिनीच्या नोंदींची साइट) 'आपली चावडी' उघडून आपल्या गावचे फेरफार बघायची सवय लावा. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि हिंजवडी-मांजरीकडे जमिनीचे भाव बघता भावकीवर विश्वास किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

बहिणींच्या हिश्श्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं. "लग्नात दिलं की सगळं" हे कोर्टात चालत नाही. बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करा, स्टँपपेपरवर दोन साक्षीदार घेऊन घरीच लिहिलेल्या कागदाला काही किंमत नाही. आणि ताई, तुम्ही वाचत असाल तर "फक्त सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणून पुढे केलेला कागद आधी घरी नेऊन वाचा.

नोटरी करून घेतलेला गुंठा हा अजून एक पुणेरी आजार. साठेखत (पुढे विकायचा करार) अधिक कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) अधिक ताबा पावती, वर नोटरीचा लाल शिक्का, झालो मालक! नाही झालात. २०११ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असल्या कागदांनी मालकी बदलत नाही, रजिस्टर खरेदीखतच लागतं. पैसे देण्याआधी किमान ३० वर्षांचा सर्च घ्या, सूची क्रमांक २ (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) काढा, जागेवर कोर्टात दावा चालू आहे का ते बघा, कारण दावा चालू असताना घेतलेली जागा त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते.

फ्लॅटवाल्यांना वाटतं हे सगळं गावच्या जमिनीचं आहे. तुमच्या सोसायटीच्या जमिनीच्या प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव आहे ते एकदा बघा, बऱ्याच ठिकाणी अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालकच निघतो. रीडेव्हलपमेंटची मीटिंग लावण्याआधी जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरच्या सहीविना जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा) अर्ज लावा.

हप्ते थकले आणि बँकेचं पत्र आलं

९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याच्या (२००२ चा, बँकेला कोर्टात न जाता तारण मिळकत विकू देणारा) कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांत सगळी बाकी भरा म्हणून. लोक इथेच घाबरून फोन उचलायचे बंद करतात आणि इथेच खरी संधी असते. या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत देऊ शकता, हिशोब चुकलाय, भरलेले हप्ते धरले नाहीत, व्याज जास्त लावलंय, जे असेल ते, आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावं लागतं. मॅनेजरला केबिनमध्ये भेटून "साहेब जरा बघा ना" म्हणणं ही हरकत नव्हे. लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीस आल्यावर बँकेला न विचारता फ्लॅट विकणं किंवा भाड्याने देणं पण बंद.

६० दिवस गेले की कलम १३(४) खाली ताबा. आधी बहुतेक वेळा दारावर कागद चिकटवून सिम्बॉलिक, म्हणजे कागदोपत्री, ताबा घेतात आणि दोन पेपरात जाहीर नोटीस देतात, त्यातला एक मराठी. मग खरा ताबा घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आणतात. या कारवाईविरुद्ध जायची जागा म्हणजे डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण), पुण्यात आहे, आणि मुदत ४५ दिवस. दिवाणी कोर्टात स्टे मागायला जाऊ नका, कलम ३४ ने ती वाट बंद केलीय, तिथे फिरण्यात ४५ दिवस सहज संपतात.

पैशांची जुळवाजुळव करत असाल तर हे नीट वाचा. पूर्वी लिलाव होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध व्हायच्या आतच सगळी बाकी भरावी लागते आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये यावर शिक्का मारलाय. म्हणजे मेहुण्याकडून पैसे आणायचेच असतील तर पेपरात नोटीस यायच्या आधी आणा.

शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. सहकारी बँकेला मात्र लागतो, २०२० चा निकाल आहे, त्यामुळे "आपली पेठेतली बँक आहे, ती काय करणार" या भ्रमात राहू नका. पतसंस्थेचा रस्ता वेगळा, ती सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढते, त्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहा, नाहीतर एकतर्फी दाखला निघतो. आणि वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध आहे, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा.

लिलावात स्वस्त फ्लॅट घ्यायला निघालेल्यांसाठी दोनच ओळी. बँक "जसं आहे, जिथं आहे" विकते, म्हणजे आत बसलेला भाडेकरू, थकलेला मेंटेनन्स, मिळकतकर, वीजबिल हे बहुधा तुमच्या गळ्यात. बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के आणि उरलेले साधारण १५ दिवसांत भरायचे असतात, तेव्हा होमलोन मंजूर होईल या भरवशावर बोली लावू नका.

रस्ता आपल्या वावरातून चाललाय

सेनापती बापट रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहितीये की बापटांना 'सेनापती' ही ओळख मिळाली ती मुळशीत टाटांच्या धरणासाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींवरूनच, १९२१ च्या सत्याग्रहात. तेव्हा भूसंपादनाचा १८९४ चा कायदा होता, आता २०१३ चा आहे आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क राहिलेला नाही, पण घटनेच्या कलम ३००अ प्रमाणे कायद्याच्या वाटेनेच जमीन घेता येते.

२०१३ च्या कायद्याच्या कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस. राष्ट्रीय महामार्ग असेल तर कायदा वेगळा (१९५६ चा) आणि दिवस फक्त २१! तेव्हा आधी बघा की नोटीस कुठल्या कायद्याखालची आहे. २०१३ च्या कायद्यात बाजारभाव काढून, ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधला गुणक लावून, झाडं-विहीर-घर धरून वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणून मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा, विहीर, पाइपलाइन, आंब्याची झाडं पंचनाम्यात आली का बघा, मागाहून सांगितलेलं झाड मोजलं जाण्याची आशा कमीच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. निवाड्याची (मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशाची) रक्कम कमी वाटत असेल तर चेक घेताना "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं लिहूनच घ्या, कारण निमूट घेतलेल्याला वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही, कायद्यातच तसं म्हटलंय. निवाड्याला तुम्ही हजर असाल तर त्या अर्जाची मुदत सहा आठवडे. रिंग रोडला संमती देणाऱ्यांना २५ टक्के जादा देऊ केले, तो सौदा वाईट नाही, पण संमती लिहून दिल्यावर पुढे भांडायला जागा जवळपास उरत नाही हे धरून सही करा. आणि सातबाऱ्यावर अजून पणजोबाच असतील तर वारसांच्या वादात तुमचे पैसे प्राधिकरणाकडे (असे वाद निकाली काढणाऱ्या) अडकतात, त्यामुळे वारसनोंद आजच लावा.

शहरात प्लॉटवर डीपीचं (शहराच्या विकास आराखड्याचं) आरक्षण पडून असेल आणि १० वर्षं काहीच हललं नसेल तर एमआरटीपी (महाराष्ट्राच्या नगररचना) कायद्याच्या कलम १२७ ची खरेदी नोटीस देता येते. २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं.

गाडी चोरीला गेली

आधी टो झाली नाही ना ते बघा, हसू नका. मग लगेच एफआयआर, आणि त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला ईमेल. एफआयआर वेळेत असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय, पण मुद्दाम उशीर कशाला करायचा. दोन्ही चाव्या सांभाळा, कंपनी दोन्ही मागते. गाडी सापडली नाही की पोलिसांचा 'ए समरी' (गुन्हा खरा, पण छडा लागला नाही असा) अहवाल लागतो, त्यासाठी चौकीला फेऱ्या होतात. कर्जाची गाडी असेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेला जातात, आणि तोवर हप्ते चालूच ठेवा, गाडी गेली म्हणून कर्ज जात नाही.

सापडली तर ती मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, असते. चौकीच्या आवारात गंजत ठेवायची गरज नाही, कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा हमीवर) सोडवता येते, २००२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यासाठीच आहे. क्लेम आधीच घेतला असेल तर मात्र गाडी कंपनीची.

जुनी गाडी घेताना चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. चोरीची निघाली तर तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत, गाडी मूळ मालकाकडे जाते आणि तुम्ही विकणाऱ्याच्या मागे. विकताना फॉर्म २९, ३० वर (आरटीओचे मालकी बदलाचे फॉर्म) सही करून गप्प बसू नका, एमएच १२ असो की १४, नाव बदललं का ते परिवहनच्या साइटवर बघा. नाव तुमचंच राहिलं आणि नव्या मालकाने कुणाला उडवलं तर भरपाईसाठी तुम्हालाच धरतात, २०१८ चा निकाल आहे.

येताना काय आणाल

नोटीस पाकिटासकट, आधार, असतील ते उतारे, बँकेचं असेल तर मंजुरीपत्र आणि खात्याचा उतारा, गाडीचं असेल तर आरसी, पॉलिसी, एफआयआर. सगळ्याच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद दाखवायला आणा आणि परत घेऊन जा, आम्ही मूळ खरेदीखत ऑफिसात ठेवून घेत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी येणार असाल तर आधी फोन करा, टायपिंगलाही वेळ लागतो.