थ्री-बेट ब्लफ

थ्री-बेट ब्लफ : नो-लिमिट होल्डेम पोकरमधील (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये सर्वांसाठी पाच उघडे आणि समोरचे सगळे पैसे लावायची मुभा) एक डाव. फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते) उघडण्याआधी कोणी रेझ केला (बेट वाढवली) की हाती खरे जोरदार पत्ते नसतानाही त्यावर पुन्हा रेझ करायचा आणि त्याला पत्ते टाकायला (फोल्ड करायला) लावायचे, हा यातला हेतू. बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी सक्तीने भरायच्या दोन रकमांतली मोठी) ही पहिली बेट, पहिला रेझ ही दुसरी आणि त्यावरचा रेझ तिसरी, म्हणून थ्री-बेट. या डावाला छाती लागते, असे मुंबईत पत्ते खेळणारे सहसा सांगतात. खरे तर त्याला भागाकार लागतो. पुढची उदाहरणे ५०/१०० रुपये ब्लाइंडच्या कॅश गेममधली असून प्रत्येकासमोर १०,००० आहेत, असे धरले आहे.

मूळ हिशेब. कटऑफवरच्या (बटणाच्या आधीच्या जागेवरच्या) खेळाडूने ४०० केले आणि बटणावरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) १,२०० ची थ्री-बेट गेली. पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या पैशांत) आधीच ४०० आणि दोन ब्लाइंडचे १५० मिळून ५५० आहेत. म्हणजे ५५० मिळवण्यासाठी १,२०० पणाला लागले. पुढे काहीच हाती लागणार नाही असे धरले, तर १,२०० भागिले १,७५०, म्हणजे शंभरातून सुमारे ६९ वेळा सगळ्यांनी फोल्ड केले तरच बरोबरी होते. पहिला रेझ २५० चा असता तर ७५० लावून ४०० मिळाले असते आणि ६५ फोल्ड पुरले असते. पहिला रेझ जितका मोठा, तितका ब्लाइंडच्या आयत्या पैशांचा वाटा लहान होतो आणि ब्लफ महागतो. समोरासमोरच्या टेबलांवर ४००-५०० चे रेझ सर्रास होतात. ऑनलाइन शिकलेले आकडे तिथे जसेच्या तसे वापरणारे इथेच फसतात.

मात्र कॉल आला (समोरच्याने तेवढेच पैसे भरले) म्हणजे सगळे बुडाले, असे नाही. कॉल झाल्यावर पॉट २,५५० चा होतो. आपले पत्ते त्यातला सरासरी ३० टक्के, म्हणजे ७६५ परत आणत असतील, तर कॉलचा खरा तोटा ४३५ चाच. आता शंभर डाव घेऊ. दहा वेळा समोरून फोर-बेट (थ्री-बेटवर आणखी रेझ) आली आणि आपण फोल्ड केले : तोटा १२,०००. अडतीस वेळा कॉल आला : तोटा १६,५३०. बावन्न वेळा फोल्ड मिळाले : फायदा २८,६००. शिल्लक ७० रुपये, म्हणजे बरोबरीच. फोल्ड बावन्नऐवजी चाळीस झाले आणि ते बारा डाव कॉलकडे वळले, तर हेच खाते ११,७५० ने तोट्यात जाते, दर डावाला एका बिग ब्लाइंडहून अधिक. ६९ आणि ५२ यांच्यातले हे अंतर भरून काढतात ते आपले दोन पत्ते आणि आपली बसण्याची जागा. म्हणून ‘कुठल्याही पत्त्यांवर ब्लफ चालतो’ हे म्हणणे चूक आहे.

समोरचा किती फोल्ड करेल, हे त्याच्या पहिल्या रेझवरून आणि सवयीवरून मोजता येते. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोडण्या होतात. त्यांतल्या वीस टक्क्यांवर रेझ करणाऱ्याकडे सुमारे २६५ असतात. दश्शीच्या जोडीपासून वर (३०), एक्का-राजा (१६) आणि एक्का-राणी (१६) एवढ्यांवरच तो थांबत असेल, तर त्या ६२ झाल्या. तो शंभरातून ७६ वेळा पत्ते टाकतो, त्यामुळे ब्लफ आरामात फळतो. तोच खेळाडू दुरीपासून नव्वीपर्यंतची एकही जोडी सोडत नसेल, तर आणखी ४८ जोडण्या वाढतात आणि फोल्ड ५८ वर येतात. मुंबईत हा दुसरा प्रकार पुष्कळ भेटतो, आणि त्यामागे दिवाळीची तीन पत्ती आहे. तीन पत्तीत चारातले जवळजवळ तीन हात जोडीच्या खालचे असतात, त्यामुळे जोडी हाती आली की धरून ठेवायची सवय लहानपणीच लागते. होल्डेममध्ये छक्कीची जोडी घेऊन फ्लॉपला तिसरी छक्की लागण्याची शक्यता १२ टक्क्यांहून कमी असते, तरी ‘बघूया तरी’ म्हणून कॉल येतोच. अशा माणसासमोर ब्लफ गुंडाळून ठेवावेत आणि थ्री-बेटमध्ये एक्का-राणी, राजा-राणी सूटेड (दोन्ही एकाच चिन्हाचे), दश्शीची जोडी असे पत्ते घालावेत. तो कॉल करणार हे ठरलेलेच आहे, तर तो हलक्या पत्त्यांवर करू द्यावा.

पत्त्यांची निवड. सूटेड एक्का-पंजी आणि एक्का-चौकी हे या डावाचे नेहमीचे पत्ते. एक एक्का आपल्या हातात आला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या सहा जोडण्यांच्या तीन होतात, आणि एक्का-राजाच्या सोळाच्या बारा. वरच्या उदाहरणातल्या ६२ जोडण्या ५१ वर येतात. (त्याच्या फोल्ड होणाऱ्या हातांतलेही काही एक्के यामुळे कमी होतात, म्हणून प्रत्यक्ष फायदा दिसतो त्याहून थोडा कमी असतो.) शिवाय कॉल आलाच तर फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) आणि दुरी-तिरी-चौकीची स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) या दोन्ही वाटा उघड्या राहतात. राजांच्या जोडीसमोरही सूटेड एक्का-पंजी साधारण तीनातून एकदा जिंकते. सत्ती-छक्की सूटेड समोरच्याचे कुठलेच मोठे पत्ते अडवत नाही, पण तिला एक्का-राजाची सावली नसते (त्यांच्याशी एकही पत्ता सारखा नसतो) आणि फ्लॉपनंतर ती सरळ खेळता येते. ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) एक्का-नव्वी किंवा राजा-गुलाम मात्र दिसायला बरे आणि खेळायला वाईट. कॉल येतो तो बहुतेक एक्का-राणी, एक्का-राजाकडूनच, आणि मग एक्का लागला तरी आपणच मागे असतो.

खरे जोरदार हात किती आणि थापेचे किती, याचाही ताळमेळ हवा. राण्यांच्या जोडीपासून वर आणि एक्का-राजा मिळून ३४ जोडण्या होतात. त्यांच्यासोबत चार सूटेड हात, म्हणजे १६ जोडण्यांचा ब्लफ शोभतो. तेही जास्त वाटले, तर पत्ते इस्पिक किंवा बदामाचे असतील तेव्हाच थ्री-बेट करायची आणि किलवर-चौकटीचे असतील तेव्हा टाकायचे. ब्लफ आपोआप निम्मे होतात आणि मूडवर काही राहत नाही.

आकार आणि जागा. बटणावरून किंवा समोरच्याच्या नंतर बोलायची पाळी असेल, तर तिप्पट पुरते. ब्लाइंडमधून चौपट किंवा थोडी अधिक लागते, कारण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत आधी बोलायचे असते. ४०० वर ८०० ची भित्री थ्री-बेट हा सर्वात वाईट सौदा. समोरच्याला १,३५० च्या पॉटसाठी फक्त ४०० द्यायचे असतात, आणि शंभरातून २३ वेळा जिंकला तरी त्याचा कॉल बरोबर ठरतो. चांगल्या पत्त्यांना १,५०० आणि ब्लफला १,१०० असा फरकही ठेवू नये. नियमित खेळणाऱ्यांच्या तो एका रात्रीत ध्यानात येतो.

पॉटमध्ये कॉल करणारे साचले असतील, तर याच डावाला स्क्वीझ म्हणतात. ४०० चा रेझ, त्यावर दोन कॉल आणि ब्लाइंड मिळून १,३५० पडलेले असतात. २,००० लावले तर ६० फोल्ड पुरतात. पण पहिला ७५ टक्के आणि उरलेले दोघे प्रत्येकी ९० टक्के वेळा फोल्ड करत असतील, तर तिघांचे मिळून ६१ टक्केही होत नाहीत. ब्लाइंडवाले बाकी असतील तर आणखी कमी. कागदावर मोह पडतो, प्रत्यक्षात जेमतेम.

स्ट्रॅडल हा दुसरा सापळा. कोणी २०० चा स्ट्रॅडल (पत्ते पाहण्याआधी आपणहून लावलेली, बिग ब्लाइंडच्या दुप्पट रक्कम) ठेवला की १०,००० चा स्टॅक (समोरचे एकूण पैसे) शंभराऐवजी पन्नास ब्लाइंडांचा उरतो. ६०० वर १,८०० ची थ्री-बेट केली आणि समोरून ऑल-इन (सगळे पैसे पुढे) आले, तर आणखी ८,२०० भरून जिंकण्यासाठी ४० टक्के शक्यता हवी. जोरदार हातांसमोर सूटेड एक्का-पंजीची तेवढी नसते. फोल्ड करावे लागते आणि स्टॅकचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेलेला असतो. ज्याच्यासमोर आधीच तीन-चार हजार उरले आहेत, त्याच्यावर तर हा डाव करूच नये. तो सगळे पैसे लावून मोकळा व्हायच्या तयारीतच बसलेला असतो.

कॉल आल्यावर. एक्का किंवा राजा आणि दोन बारीक, विखुरलेले पत्ते पडले, तर २,५५० च्या पॉटमध्ये ८५० ची बेट पुरते. चारातून एकदा फोल्ड मिळाले तरी ती बरोबरीत सुटते. नव्वी-अठ्ठी-सत्तीसारखा फ्लॉप कॉल करणाऱ्याचाच असतो. तिथे काही न लागलेला एक्का-पंजी घेऊन चेक करायचे (बेट न लावता पाळी सोडायची) आणि विषय सोडून द्यायचा.

मुंबईतली परिस्थिती. महाराष्ट्रात परवानाधारक कॅसिनो नाहीत. १९७६ चा राज्याचा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यावर मोठ्या भारतीय संकेतस्थळांनी आपली टेबले बंद केली. त्यामुळे कायदेशीर कॅश गेमसाठी मुंबईकर बहुधा गोव्यात, मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर जातो. डावपेचांवरही याचा परिणाम झाला आहे. समोरचा थ्री-बेटला किती टक्के फोल्ड करतो हे सांगणारे सॉफ्टवेअर गेले, आणि समोरासमोर तासाला जेमतेम २५-३० डाव होतात. एका बैठकीत एकाच माणसावर थ्री-बेट पडल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे टक्केवारीऐवजी खुणा पाहाव्या लागतात : रेझ करून नंतर पत्ते टाकताना तो कुरकुरतो का, शेवटी उघडलेल्या हातांत बारीक जोड्या होत्या का, स्टॅक संपल्यावर लगेच नव्याने पैसे काढतो का.

टेबलावर बोलण्याचे नियमही पाळावे लागतात. समोरच्याच्या रेझवर काही न बोलता ५,००० ची एकच चिप पुढे सरकवली, तर तो रेझ नाही, कॉल धरला जातो. चिपा दोन हप्त्यांत पुढे नेल्या, तरी स्ट्रिंग बेट म्हणून पहिल्या हप्त्यापुरतेच धरतात. आधी ‘रेझ’ म्हणायचे, आकडा सांगायचा, मग चिपा ढकलायच्या. राण्यांची जोडी हाती असो वा एक्का-पंजी, आवाज आणि वेग तोच.