कौतिकचा चेहरा: एका मुखपृष्ठ-अभ्यासामागची पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या एका खेड्यातून डिझाइनच्या शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या विद्यार्थिनीने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी निवडली आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या कादंबरीला ग्राफिक डिझायनर कसे सामोरे जातात, असा तिचा विषय. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’चे लेखक हिंगणघाटचे, तिच्यातील माणसे वऱ्हाडी बोलणारी, आणि दारिद्र्याशी अखेरपर्यंत झुंजणारी कौतिक हा तिचा केंद्रबिंदू. कौतिकचा चेहरा मुखपृष्ठावर काढावा की काढू नये, या एका प्रश्नापाशी सगळा अभ्यास वारंवार येऊन थांबतो. वरकरणी हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात लेखक, प्रकाशक, छापखाना आणि वाचनालय या सर्वांनी आपापल्या परीने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात पुस्तकावर जे वेष्टन चढवले जाई, ते बांधणीला धूळ आणि डाग लागू नयेत यासाठी. पुस्तक घरी आले की ते फाडून टाकण्यात कोणालाही वावगे वाटत नसे. विसाव्या शतकात त्याच कागदावर चित्रे आणि जाहिरात आली आणि लेखकांना त्यात लक्ष घालावे लागले. माणसाचा किडा होतो त्या काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या दीर्घकथेचे पुस्तक १९१५ मध्ये निघणार होते, तेव्हा चित्रकार तो किडाच काढून बसेल या धास्तीने काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहिले आणि किडा काढू नये, दुरूनसुद्धा दाखवू नये, असे निक्षून बजावले. ओटोमार श्टार्के या चित्रकाराने मग दारापासून दूर जाणारा, दोन्ही हातांनी चेहरा झाकलेला माणूस काढला. वाचकाने मनात उभे करायचे ते चित्रकाराने आधीच उभे करू नये, ही भूमिका इतक्या स्पष्टपणे मांडल्याची याहून चांगली नोंद क्वचितच सापडेल.

याच्या अगदी उलट उदाहरण दहा वर्षांनी घडले. ‘द ग्रेट गॅट्सबी’साठी फ्रान्सिस कुगॅट याने काढलेले, निळ्या आकाशात तरंगणाऱ्या डोळ्यांचे चित्र कादंबरी पुरी होण्याआधीच तिचा लेखक फिट्झगेराल्ड याच्या पाहण्यात आले होते, आणि ते आपण पुस्तकात लिहून टाकले आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाला देऊ नका, असे त्याने प्रकाशकाला कळवले. रॉकवेल केंट या चित्रकाराची गोष्ट तर जवळजवळ गमतीची आहे. मेलव्हिलची ‘मोबी डिक’ १८५१ सालची. केंटच्या चित्रांसह १९३० मध्ये तिची जी स्वस्त आवृत्ती बाजारात आली, तिच्या मुखपृष्ठावर केंटचे नाव होते आणि मेलव्हिलचे छापायचेच राहून गेले होते. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ची १९५३ मधील स्वस्त आवृत्ती जेम्स अवाटीच्या चित्रासह निघाली, ते चित्र लेखकाला मुळीच रुचले नाही, आणि १९६४ च्या आवृत्तीला केवळ अक्षरे असलेले तांबूस रंगाचे साधे मुखपृष्ठ मिळाले. म्हणजे चेहरा न काढणे हाही डिझाइनचाच निर्णय असतो, आणि तो बहुधा भांडून मिळवावा लागतो.

मराठीत मात्र चेहरा नसणे ही सुरुवातीची सक्तीच होती. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली, त्या काळात पुस्तकाचे बाह्यरूप म्हणजे नाव, लेखक, छापखाना, साल आणि भोवती वेलबुट्टीची चौकट. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांना, जी सुबकता आणली, तिच्यावर पुढची अनेक दशके मराठी पुस्तकाचा चेहरा उभा होता. चित्रकार पुढे आला तो दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या पिढीत. १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू करणाऱ्या दलालांची मुखपृष्ठे आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरील मुळगावकरांची चित्रे यांनी वाचकाला माणसांचे चेहरे पाहण्याची सवय लावली.

या चेहऱ्यांचे श्रेय चित्रकारांच्या हाताला जसे आहे, तसेच ते छपाईच्या खर्चालाही आहे, आणि हा मुद्दा कलाविषयक लेखनात सहसा मागे पडतो. खिळ्यांच्या छपाईत मुखपृष्ठावरील प्रत्येक रंगासाठी जस्ताचा वेगळा ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, करावा लागे आणि प्रत्येक रंगाला कागद यंत्रातून पुन्हा काढावा लागे. दिवाळी अंकाचा मोठा खप हा खर्च पेलू शके; हजाराच्या आसपास प्रती निघणाऱ्या कादंबरीला तो झेपत नसे. म्हणून त्या काळच्या कादंबऱ्यांवर दोन-तीन सपाट रंग, जाड रेषा आणि कागदाचा पांढरा रंगच चौथा रंग म्हणून वापरण्याची युक्ती वरचेवर दिसते. आज ज्याला आपण त्या काळाची शैली म्हणून नावाजतो, तिच्यातला बराचसा भाग हिशेबाच्या वहीतून आलेला आहे.

दरम्यान अक्षरांकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चे. जाहिरात क्षेत्रातून या केंद्रात शिकवायला आलेल्या र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षर हाच अभ्यासाचा विषय केला, आणि संगणकावर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्याच हातचा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना असे वळण दिले, की नावाच्या अक्षरांतूनच नाटकाची जात कळावी.

हे बहुतेक सगळे मुंबई-पुण्यात घडत होते. विदर्भ आधी मध्य प्रांतात आणि १९५० नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने लेखक आणि वाचक जोडले, तरी मराठी ग्रंथव्यवहाराची आणि मुखपृष्ठकारांची पेठ पश्चिमेलाच राहिली. ‘धग’ आली त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित वाचनालये गावोगाव उभी राहण्याची वाट मोकळी झाली. खेड्यातल्या वाचकाला कादंबरी भेटली ती या वाचनालयांत, आणि तिथेच मुखपृष्ठाच्या इतिहासाला एक विचित्र वळण मिळाले.

नवे पुस्तक दाखल झाले की ते बांधणाऱ्याकडे जाते. तो कणा मोकळा करतो, दाभणाने टोचे मारून दोऱ्याने जाड शिलाई घालतो, मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद कालवतो, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि कण्यावर कापड किंवा रेक्झिन चढवतो आणि शेवटी तिन्ही कडा यंत्रावर कापतो. मूळ मुखपृष्ठाचे नशीब चांगले असेल तर ते पुठ्ठ्यावर चिकटते, तेही चहूबाजूंनी कातरलेले. नसेल तर रद्दीत जाते. कण्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि दाखल क्रमांक पडतो. आर्वी-पुलगाव पट्ट्यातील वाचनालयांतून जुन्या आवृत्त्या धुंडाळताना या विद्यार्थिनीच्या हाती अशाच प्रती लागल्या: आत तारखांचे शिक्के मारून काळी झालेली देवघेवीची पट्टी, पानांच्या कोपऱ्यांना बोटांचा मळ आणि बाहेर एकसारखा तपकिरी पुठ्ठा. कादंबरी भरपूर वाचली गेल्याचा पुरावा जागोजागी होता, फक्त तिचे मुखपृष्ठ नव्हते.

बांधणाऱ्याला यासाठी दोष देता येणार नाही, कारण त्याच्या शिलाईमुळेच ही पुस्तके इतक्या हातांतून फिरूनही टिकली. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ मोठा आहे. ज्या प्रदेशाची ही कादंबरी, त्या प्रदेशातल्या फार मोठ्या वाचकवर्गाने कौतिकला कोणा चित्रकाराच्या मध्यस्थीशिवाय पाहिले. काफ्काला जे पत्र लिहून मागावे लागले, ते इथे पुठ्ठा आणि खळीने परस्पर करून टाकले. मुखपृष्ठांचा इतिहास केवळ छापलेल्या चित्रांवरून लिहिला तर हा वाचक त्यात कुठेच दिसणार नाही, आणि या विद्यार्थिनीच्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो.

दृश्यकलेची भूक विदर्भात अर्थातच दुसरीकडे भागत होती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी या लोकप्रिय रंगभूमीच्या हंगामाचे व्यवहार मुख्यतः देसाईगंज-वडसा येथून चालतात, आणि तिचे फलक नटनट्यांच्या चेहऱ्यांनी गच्च भरलेले असतात. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर हाच तालुक्याचा अक्षरकार होता. फ्लेक्स आले तसा तो मागे पडला आणि त्याची जागा कोरल ड्रॉ या संगणकावरील चित्रप्रणालीत लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्या मुलांनी घेतली. चेहरा हवाच, तोही शक्य तितका मोठा, ही मागणी तिथली आहे, आणि त्या मागणीत वाढलेल्या मुलीने चेहरा नको म्हणून युक्तिवाद करावा, हे लक्षणीय आहे.

तिचा कल सध्या अक्षरांकडे आहे, आणि तिथे ‘धग’ हे नावच अडचण उभी करते. दोनच अक्षरे, काना नाही, वेलांटी नाही, वर-खाली एकही मात्रा नाही. त्यामुळे ती पानभर मोठी करता येतात, ही सोय. पण ‘ध’ची ओळख शिरोरेषेतील फटीवर टिकून असते, ती फट भरली की ‘घ’ होतो. खिळ्यांच्या छपाईत जाड शाईने ती बुजण्याची भीती होती, पेंटरच्या कुंचल्याला ती हाताने राखावी लागे, आणि आता पुस्तक विकणाऱ्या संकेतस्थळांवर मुखपृष्ठ नखाएवढे दिसते तेव्हा ती पुन्हा धोक्यात येते. गावातला वाचक पुस्तक हातात येण्याआधी त्याचे मुखपृष्ठ पाहू लागला आहे तो मोबाइलवरच्या याच आकारात, म्हणून तिच्या चाचण्याही त्याच आकारात सुरू आहेत: फट किती रुंद ठेवली म्हणजे ‘ध’ हा ‘ध’च वाचला जातो, आणि किती रुंद केली की अक्षर मोडल्यासारखे दिसते.