इंग्रजीतील समानार्थी शब्दांमधील अर्थभेद

एकमेकांच्या जागी चालतील असे वाटणारे, पण प्रत्यक्ष वापरात वेगळे पडणारे शब्द इंग्रजीत फार मोठ्या संख्येने आहेत आणि याचे मुख्य कारण त्या भाषेच्या इतिहासात सापडते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराचा व न्यायालयांचा व्यवहार दीर्घकाळ फ्रेंचमध्ये चालला, धर्म व विद्या यांची भाषा लॅटिन राहिली, आणि शेतावर व चुलीपाशी मात्र जुनी इंग्रजीच बोलली जात असे. त्यामुळे एकाच क्रियेला तीन थरांतून शब्द मिळाले. ‘आस्क’ हे घरातले साधे विचारणे आहे, ‘क्वेश्चन’मध्ये विचारणाऱ्याच्या मनातला संशय डोकावतो, तर ‘इंटरॉगेट’ म्हटले की पोलीस चौकीतली चौकशी डोळ्यांपुढे येते. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही : जलशुद्धीकरण केंद्रातून घरी येते ते पाणीच असते, पण तहान लागल्यावर कोणी जल मागत नाही.

अशा शब्दांतील भेद उलगडून सांगणारे ग्रंथ युरोपात अठराव्या शतकापासून लिहिले जाऊ लागले. फ्रान्समध्ये गाब्रिएल जिरार यांनी १७१८ साली, तर इंग्लंडमध्ये हेस्टर पियोझी यांनी १७९४ साली आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली असे ग्रंथ प्रसिद्ध केले. पीटर रोजे यांचा १८५२ चा थिसॉरस सर्वाधिक गाजला. मात्र त्यात शब्दांचे गट आहेत, व्याख्या नाहीत, म्हणून विसरलेला शब्द आठवायला तो उत्तम असला तरी दोन शब्दांतून एक निवडताना त्याची फारशी मदत होत नाही.

मराठी भाषकाची अडचण होते ती मुख्यतः जिथे मराठीत एकच शब्द पुरतो तिथे. हाताचे आणि पायाचे बोट, किंवा आजचे आणि एखाद्या प्रदेशाचे कायमचे हवामान, यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत. ‘सावली’चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. भर दुपारी वडाखाली टेकलेला वाटसरू ‘शेड’मध्ये बसलेला असतो, आणि उन्हे कलल्यावर चालताना त्याच्या पायांपासून लांब पसरत जाते ती त्याची ‘शॅडो’. पहिल्या शब्दात उन्हापासून मिळणारा आडोसा आहे, तर दुसऱ्यात पडछायेचा आकार. विशेष म्हणजे हे दोन्ही शब्द मुळात एकच होते. जुन्या इंग्रजीत नामाला विभक्तीनुसार रूपे होती. ‘शेड’ हा कर्त्याच्या मूळ रूपातून आला आणि ‘शॅडो’ हा, मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर, त्याच नामाच्या सामान्यरूपातून. विभक्त्या झिजून गेल्या, दोन्ही रूपे मात्र मागे उरली आणि त्यांनी अर्थ आपसांत वाटून घेतला.

काही भेद व्याकरणकारांच्या आग्रहाने रुजले. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’ हा नियम रॉबर्ट बेकर यांनी १७७० साली व्यक्त केलेल्या वैयक्तिक पसंतीतून पुढे आला. त्याआधी कित्येक शतके ‘लेस’ दोन्हीकडे चालत असे, जसे मराठीत माणसेही कमी असतात आणि पाणीही कमी असते. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा, हा आजचा भेदही सतराव्या शतकातील सर्वांत जुन्या नोंदींत नेमका उलटा दिसतो. तरीही तो जपण्यासारखा आहे, कारण न्यायाधीश पहिल्या अर्थाने अलिप्त असलाच पाहिजे आणि दुसऱ्या अर्थाने कधीही असता कामा नये.

कायद्यात असे भेद संकेतावर सोडलेले नसतात, ते व्याख्येने बांधलेले असतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘थेफ्ट’, ‘रॉबरी’ आणि ‘डकॉयटी’, म्हणजेच चोरी, जबरी चोरी आणि दरोडा, हे तीन वेगळे गुन्हे ठरवले. संमतीवाचून लबाडीने जंगम मालमत्ता हलवली की चोरी होते, ती करताना मारहाण केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली की जबरी चोरी होते, आणि ती पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा होतो. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही पाचाची ही संख्या कायम ठेवली आहे. यांपैकी ‘डकॉयटी’ हा शब्द तर इंग्रजीने हिंदीतील ‘डकैती’वरूनच घेतलेला आहे.