भाडेकराराची मुदत उलटल्यानंतरचा मुक्काम

भाड्याच्या घराचा करार संपला, तरी भाडेकरूने घर खाली न करता आणखी काही दिवस तिथेच राहणे. भाडेकरू आणि मालक यांच्यातल्या व्यवहारात हा प्रकार अतिशय नेहमीचा आहे. वर्षानुवर्षे ताबा न सोडणाऱ्या भाडेकरूची गोष्ट निराळी. या नोंदीचा विषय आठ-पंधरा दिवसांचा, फार तर महिना-दीड महिन्याचा मुक्काम हा आहे. वकील त्याला ‘होल्डिंग ओव्हर’ किंवा ‘ओव्हरस्टे’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या शहरांत बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जात असल्याने इथे त्याच पद्धतीचा विचार मुख्यतः केला आहे.

मुदत उलटते त्यामागची कारणे बहुधा साधी असतात. नव्या फ्लॅटचा ताबा बिल्डरने पुढे ढकललेला असतो. मुलाची वार्षिक परीक्षा तोंडावर असते, घरात बाळंतपण असते किंवा सुतक आलेले असते. करार नेमका पितृपक्षात संपतो आणि घरातली वडीलधारी मंडळी घटस्थापनेच्या आधी नव्या घरात पाऊल टाकायला तयार नसतात. पुण्या-मुंबईच्या एजंटांना हा अडसर दर भाद्रपदात भेटतो. अनेक सोसायट्या ठराविक वारी आणि ठराविक वेळेतच सामान हलवू देतात, त्यामुळे महिनाअखेर आडवारी आली की दोन-चार दिवस आपोआप वाढतात. कधी कधी तर जिथे जायचे त्या घरातला आधीचा भाडेकरूच हललेला नसतो. एकाचे आठ दिवस लांबले की साखळीतल्या तीन-चार घरांचे लांबतात.

या दिवसांना कायद्यात कोणता दर्जा मिळतो हे मूळ कागद कोणता आहे त्यावर ठरते. भाडेपट्टा असेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. पट्ट्याची मुदत संपली की पट्टा आपोआप संपतो (कलम १११) आणि भाडेकरूने ताबा परत द्यायचा असतो (कलम १०८). पण मुदतीनंतरही तो राहिला, आणि मालकाने भाडे स्वीकारले किंवा अन्य रीतीने संमती दिली, तर विरुद्ध करार नसल्यास पट्ट्याचे नूतनीकरण झाले असे कलम ११६ मानते: घर ज्या कारणासाठी दिले असेल त्यानुसार महिन्या-महिन्याने किंवा वर्षा-वर्षाने. राहण्याच्या घराचा असा मासिक पट्टा मोडायला पंधरा दिवसांची नोटीस पुरते, तरी ती द्यावीच लागते. मालकाची संमती नसेल तर भाडेकरूला असा पट्टा मिळत नाही. केवळ अजून काढलेला नाही म्हणून तो तिथे असतो.

लिव्ह अँड लायसन्स हा पट्टा नव्हे, ती राहण्याची परवानगी आहे. जागेत हक्क निर्माण होत नाही. तिचे मूळ १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये आहे. तो मुंबई इलाख्याला १८९१ साली लागू झाला. ठरावीक मुदतीची परवानगी मुदतीबरोबर संपते, असे तिथे कलम ६२ म्हणते. पुढचे कलम ६३ मात्र फारसे कुणी वाचत नाही. परवानगी संपल्यावर जागा सोडायला आणि आपले सामान हलवायला वाजवी अवधी मिळण्याचा परवानाधारकाला हक्क आहे, असे ते सांगते. वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. एका खोलीचे बिऱ्हाड आणि चार माणसांचा तीन खोल्यांचा संसार यांना लागणारा वेळ सारखा नसतो, हे लक्षात घेतले तर तो आकडा न देण्यात शहाणपण आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आठ दिवसांच्या विनंतीनेही मुंबईचा मालक धास्तावतो, त्यामागे एक इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिले आणि भाडी गोठवली. त्यातून सुटण्यासाठी मालक घरे भाड्याने न देता ‘लायसन्स’वर देऊ लागले. अशी परवानगी मिळालेल्यांची संख्या इतकी वाढली की राज्य सरकारने १९७३ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. अकरा महिन्यांसाठी दिलेले घर पिढ्यान्‌पिढ्या परत न मिळाल्याच्या कहाण्या गिरगाव-दादरच्या घराघरांत सांगितल्या जातात, त्यातल्या कितीतरींचा उगम त्या एका तारखेत आहे. त्या दुरुस्तीचा अर्थ लावताना १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका मुदत उलटलेल्यांचाच प्रश्न आला. त्या दिवशी लायसन्स जिवंत असलेल्यालाच संरक्षण आहे, मुदत संपल्यावर नुसता बसून राहिलेल्याला नाही, असा निर्णय झाला. कराराची शेवटची तारीख किती निर्णायक ठरू शकते ते इथे दिसले.

आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातले कलम २४ राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सपुरते आहे. मुदत संपताच परवानाधारकाने ताबा द्यायचा. न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि मुदत संपल्याची खात्री झाली की प्राधिकारी घर खाली करण्याचा आदेश देतो. लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे ‘मालकांनी तोंडी वर्ष वाढवून दिलं होतं’ हा बचाव तिथे टिकणे अवघड. इतकेच काय, बाजू मांडण्यासाठीसुद्धा समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन आधी परवानगी मिळवावी लागते. दुकान किंवा कार्यालय लायसन्सवर दिले असेल तर हा मार्ग नाही. मुंबईत त्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो.

सर्वांना ठाऊक असते ती त्याच कलमातली दुपटीची तरतूद. मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याने करारातल्या फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यायची. महिना २४,००० रुपये फी असेल तर दिवसाला ८०० रुपये पडतात. आठ दिवसांचे साध्या दराने ६,४०० होतात आणि दुपटीने १२,८००. पण कलमाचे शब्द नीट वाचावेत: सक्षम प्राधिकाऱ्याने ताबा काढून घेईपर्यंत जो घर अडवून बसतो, त्याच्याविषयी ते बोलते. आठव्या दिवशी स्वतःहून किल्ली देणारा माणूस कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्याच्याकडून डिपॉझिटमधून जी रक्कम कापली जाते ती बहुधा कलमामुळे नव्हे, तर करारातल्या दंडाच्या अटीमुळे. आणि अशा अटीवरही भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ ची मर्यादा आहे. लिहिलेला आकडा कमाल धरून त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. मुदतीनंतर दिवसाला पाच हजार रुपये असे छापील करारात घातले म्हणून ते जसेच्या तसे वसूल होतील असे नाही.

खरा गुंता होतो तो या दिवसांचे पैसे घेताना. मालक नेहमीसारखे यूपीआयवर भाडे घेतो आणि समोरून ‘ऑक्टोबर रेंट’ असा शेरा पडतो. पुढे वाद झालाच तर एक बाजू म्हणते, भाडे घेतले म्हणजे संमती दिली. दुसरी म्हणते, वापराचे पैसे घेतले, मुदत वाढवली नाही. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूकडून मुदतीनंतर भाडे घेतले, एवढ्यावरून कलम ११६ ची संमती सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात म्हटले आहे. अशा भाडेकरूला मालक तसाही काढू शकत नसतो, तेव्हा पैसे नाकारून तो करणार काय? तरीही जाणते वकील ही रक्कम ‘भाडे’ म्हणून न घेता ‘वापराची भरपाई, हक्क राखून’ असे लिहून घ्यायला सांगतात. त्याच कागदावर करार अमुक तारखेला संपल्याचे आणि अमुक तारखेपर्यंत घर खाली करून देण्याचे दोघांच्या सहीने लिहिले, तर दोघांचीही काळजी मिटते. ‘मुदतवाढ’ हा शब्द मात्र जपून वापरावा. खरोखर नवी मुदत द्यायची असेल तर नवा करार हवा, आणि महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे कोणत्याही मुदतीचा असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

अकरा महिन्यांच्या प्रसिद्ध आकड्याचा उगमही नोंदणीतच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यालाच सक्ती होती, म्हणून एक महिना आधी थांबायचे. महाराष्ट्रात आता त्या आकड्याने नोंदणी टळत नाही, तरी रिवाज उरला आहे. त्यामुळे कराराची शेवटची तारीख दरवर्षी एक महिना मागे सरकते, आणि एखाद्या वर्षी ती बरोबर परीक्षेच्या आठवड्यावर येऊन पडते.

मुदत संपली म्हणून मालकाला दाराचे कुलूप बदलता येत नाही. सामान जिन्यात काढून ठेवता येत नाही. जागेत राहण्याचा हक्क नसला, तरी स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला कायदेशीर मार्गानेच काढावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले. जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. करार काल संपला एवढ्यावरून ज्यांच्या स्वयंपाकघरातला गॅस अजून चालू आहे त्यांना रस्त्यावर आणता येऊ नये, ही भूमिका मालकाला कितीही जाचक वाटली तरी योग्यच आहे.

करोनाच्या टाळेबंदीत हा प्रश्न हजारो घरांत एकदमच उभा राहिला. करार संपले, पण टेम्पो मिळत नव्हते आणि सोसायट्यांची फाटके बंद होती. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि थकबाकीपायी कुणाला घराबाहेर न काढण्याची सूचना मालकांना केली. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात आपत्तीच्या काळात भाडेकरार संपल्यास, आपत्ती सरल्यावर एक महिना जुन्याच अटींवर राहू देण्याची तरतूद आहे. एरवी तो कडक आहे: मुदतीनंतर पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यापुढे चौपट भाडे. राज्याने स्वीकारल्याखेरीज हा नमुना लागू होत नाही.

मुक्काम संपतो तो ताबा देण्याने, नुसते सामान हलवण्याने नव्हे. घर रिकामे केले पण किल्ली स्वतःकडेच ठेवली, तर दिवस मोजले जातच राहतात. या टप्प्यावर भांडण बहुतेकदा डिपॉझिटचे असते: रंगाचे पैसे, फुटलेला बेसिन, थकलेले वीजबिल. मालक म्हणतो आधी किल्ली, भाडेकरू म्हणतो आधी डिपॉझिट. म्हणून चांगल्या करारात दोन्ही एकाच वेळी व्हावे असे लिहिलेले असते; काहींत तर डिपॉझिट परत मिळेपर्यंत फी न देता राहण्याची मुभाही असते, आणि तशी अट असेल तर त्या दिवसांना ओव्हरस्टे म्हणता येत नाही. अट नसेल आणि मालक किल्ली घ्यायला टाळाटाळ करत असेल, तर घर रिकामे आहे आणि किल्ली द्यायला तयार आहोत असे त्याला तारखेसह लेखी कळवून ठेवावे. एरवी मीटरचे रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि दिवस लिहिलेली, दोघांच्या सहीची साधी ताबा पावती पुरते. मोजणी त्या पावतीवरच्या तारखेला थांबते.