मोबदल्याच्या समाजमाध्यमांवरील स्पॅम

पोस्ट, कमेंट किंवा मत दिल्याबद्दल पैसे देणाऱ्या समाजमाध्यमांवर, वाचकासाठी नव्हे तर त्या पैशांसाठी टाकलेला मजकूर आणि लिंका म्हणजे स्पॅम. ईमेलमधल्या स्पॅमला काहीतरी विकायचे असते. इथे लिंक टाकणे हीच कमाई.

त्सू हे याचे सुरुवातीचे उदाहरण. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेले हे माध्यम जाहिरातींच्या उत्पन्नातले ९० टक्के सदस्यांना वाटे आणि आमंत्रण देणाऱ्याला, त्याने आणलेल्या माणसांच्या कमाईतही हिस्सा मिळे. साहजिकच सदस्यांनी आपल्या लिंका फेसबुकवर ओतल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फेसबुकने त्या स्पॅम ठरवून अडवल्या, अगदी खासगी संदेशांतूनही. प्रतिस्पर्ध्याचा काटा काढला, अशी ओरड झाली. डिसेंबरमध्ये बंदी उठली खरी, पण ऑगस्ट २०१६ मध्ये त्सूचाच गाशा गुंडाळला गेला.

खरी प्रयोगशाळा ठरली ती स्टीम ही मार्च २०१६ मध्ये सुरू झालेली ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेली सामाईक नोंदवही. तिच्यावरच्या पोस्टना, मिळालेल्या मतांनुसार, स्टीम याच नावाच्या डिजिटल चलनात मोबदला मिळे. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर हे तिचे जनक. तिथला बक्षीसनिधी सामाईक, त्यामुळे एकाने लाटलेला पैसा म्हणजे बाकी सगळ्यांच्या वाट्यातली कपात. त्यातून कमेंटला शुल्क नाही. मोठा लेख प्रसिद्ध होऊन दहा सेकंद होत नाहीत तोच खाली कमेंट हजर: ‘छान माहिती! तुम्हाला फॉलो केलंय, मलाही करा’, आणि सोबत स्वतःच्या पोस्टची लिंक. लेख वाचायला लागतो त्याच्या दशांश वेळात कौतुक झालेले असते. सप्टेंबर २०१८ मधल्या बदलानंतर प्रत्येक कृतीवरची, खात्यातल्या स्टीमच्या प्रमाणातली मर्यादा कडक झाली आणि असल्या उद्योगांना थोडी वेसण बसली.

दुसरा इलाज डाउनव्होटचा, म्हणजे नापसंतीच्या मताचा. त्याने पोस्टचा मोबदला घटतो आणि तो पैसा निधीत परत जातो. पण आधी डाउनव्होट देणाऱ्याची स्वतःची मतशक्ती खर्ची पडे. पदरमोड करून झाडू मारायला फारसे कोणी पुढे येईना. ऑगस्ट २०१९ पासून त्यासाठी वेगळी शक्ती राखली गेली. अर्थात ज्याच्याकडे स्टीम जास्त त्याचा डाउनव्होटही जड, त्यामुळे स्पॅमच्या नावाखाली वैयक्तिक हिशेबही चुकते झाले.

स्टीमवरच्या चीता नावाच्या बॉटची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची, तऱ्हा याहून मजेशीर. तो पोस्टशी जुळणारा मजकूर इंटरनेटवर शोधी आणि ‘मी रोबो आहे’ असे सांगून मूळ लिंक खाली डकवी. चोरी पकडायला उपयोगी, पण स्वतःचाच लेख दुसरीकडून आणून टाकणाऱ्याला मात्र हा बॉटच स्पॅम वाटे.

लिंक देण्याचा जबाबदार रिवाज यातूनच घडला: लिंक का दिली ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे, मूळ लेखकाचे नाव घ्यायचे आणि दुसऱ्याच्या पोस्टखाली, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या लिंकमध्ये असेल तरच ती टाकायची. नुसता दुवा पोहोचवायचा असेल तर मोबदला नाकारण्याची सोय स्टीमवर आहे. ती वापरली की हेतूबद्दल वाद उरत नाही. वापरणारे अर्थातच थोडे.

मार्च २०२० मध्ये स्टीममधून फुटून निघालेल्या हाइव्ह या ब्लॉकचेननेही मत आणि मोबदल्याची हीच रचना पुढे नेली. दोन्हीकडे पोस्टची कमाई सात दिवसांत ठरते. डाउनव्होटांनी दबलेली पोस्ट संकेतस्थळ लपवू शकते. ब्लॉकचेनवरून मात्र ती पुसता येत नाही.